त्रास झाला, पण नेमका कोणता? पिडण्या-छळण्याचे इंग्रजी शब्द कसे निवडावेत

आमच्या वरच्या मजल्यावर गेल्या वर्षी टाइल्स बदलायचं काम निघालं. सकाळी नऊला ड्रिल सुरू व्हायचं, ते दुपारच्या झोपेची वाट लावून संध्याकाळीच थांबायचं. आठ दिवस सोसलं, नवव्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींना इंग्रजीत पत्र लिहिलं. इंग्रजीत अशासाठी की आमच्या इमारतीत गुजराती आहेत, मल्याळी आहेत, आणि तक्रार इंग्रजीत केली की तिला जरा वजन येतं असा आपला एक समज. वरचे गृहस्थ आम्हाला ‘हरॅस’ करत आहेत, असं मी त्यात ठोकून दिलं. संध्याकाळी सेक्रेटरीकाका दारात हजर. चेहरा पार उतरलेला. आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, त्यांनी काही वावगं केलं का? पोलिसात जायचंय का तुम्हाला?” म्हटलं, “नाही हो काका, ड्रिलचा आवाज!” काका मटकन खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं.

यात लाजेची गोष्ट अशी की मी भाषांतरावर पोट भरते.

मला फक्त ‘त्रास देतात’ म्हणायचं होतं. मराठीत हा एक शब्द डासापासून दिरापर्यंत सगळ्यांना पुरतो. गुडघा त्रास देतो, शेजारी त्रास देतो, नळाची तोटीसुद्धा त्रास देते. इंग्रजीत या एका शब्दाच्या जागी वीस-पंचवीस शब्द रांगेत उभे आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं. शिकवणीत हे शब्द बहुतेक वेळा रागाच्या चढत्या भाजणीने शिकवतात: हा थोडा राग, हा मध्यम, हा फार. माझ्या मते चूक तिथेच होते. आपल्याला किती राग आला हा प्रश्न शेवटी विचारायचा. समोरच्याने नेमकं काय केलं, हा पहिला. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पहिली पायरी: वाक्य उलटं करून घ्या

मराठीत राग येतो, वैताग येतो, कंटाळा येतो. आपण फलाटावर उभे, आणि भावना लोकलसारखी येते. ‘मला त्या आवाजाचा वैताग येतो’ या वाक्यात आवाजावर थेट आरोप नाही. इंग्रजी मात्र ज्याच्यामुळे वैताग आला त्याला उचलून कर्त्याच्या खुर्चीत बसवतं: ‘दॅट नॉइज अ‍ॅनॉइज मी’. म्हणून इंग्रजीत लिहायला बसलात की आधी ठरवा, खुर्चीत कोणाला बसवायचं. आवाजाला, ड्रिलला, की शेजाऱ्याला? माझ्या पत्रात मी शेजाऱ्याला बसवलं आणि निम्मा घोटाळा तिथेच झाला.

‘अ‍ॅनॉय’ म्हणजे ‘चिडवणे’ असं शाळेत पाठ केलेलं असतं, तेही इथे नडतं. ‘तो आवाज मला चिडवतो’ म्हटलं की ड्रिल मशीन जीभ काढून वेडावतंय असं वाटतं, कारण आपल्या चिडवण्यात हेतू असतो. अ‍ॅनॉयला हेतू लागत नाही. पाऊस अ‍ॅनॉय करतो, बंद पडलेली लिफ्ट करते, आणि अगदी सज्जन माणूसही नकळत करतो.

दुसरा खड्डा शेपटांचा. ऑफिसात हमखास ऐकू येणारं वाक्य: ‘आय अ‍ॅम व्हेरी इरिटेटिंग टुडे’. बोलणाऱ्याला म्हणायचं असतं की आज मी वैतागलोय. म्हणून बसतो काय, तर आज मी लोकांना फार वैताग आणतोय. कदाचित खरंही असेल, पण स्वतःहून कशाला सांगा? मनातल्या मनात मराठीत करून बघा: ‘वैतागलेला’ असेल तर शेवटी ‘एड’, ‘वैताग आणणारा’ असेल तर ‘इंग’. बाकी, माणसावर चिडलात तर ‘अ‍ॅनॉइड विथ’, गोष्टीवर चिडलात तर ‘अ‍ॅट’ किंवा ‘अबाउट’. एवढं सांभाळलं की या पायरीवरून पुढे जायला हरकत नाही.

दुसरी पायरी: मुद्दाम केलं का?

उत्तर ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ असेल, तर चार शब्द हाताशी ठेवा: अ‍ॅनॉय, इरिटेट, बॉदर, डिस्टर्ब.

अ‍ॅनॉयचं मूळ लॅटिनमधल्या ‘इन ओदिओ’ या शब्दांत आहे. एखादी गोष्ट मला तिरस्करणीय वाटते, असं म्हणताना ते वापरायचे. फ्रेंचमधून इंग्रजीत येता येता त्यातला तिरस्कार विरून गेला आणि साधा वैताग उरला. म्हणूनच हा सगळ्यांत बिनधोक शब्द. गाडी बारा मिनिटं लेट, अ‍ॅनॉइंग. समोरच्याने फोन उचलला नाही, अ‍ॅनॉइंग.

इरिटेट हा कातडीचा शब्द आहे. धुराने डोळे चुरचुरतात, नव्या साबणाने हाताला खाज सुटते, त्याला डॉक्टर इरिटेशन म्हणतात. मनाच्या बाबतीतही तेच चित्र धरा: बारीक, सारखं घासणारं काहीतरी. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटला टेकलेल्या गृहस्थांची सॅक कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत तुमच्या गुडघ्याला घासत राहते, ते इरिटेटिंग. गाडी रद्द झाली तर इरिटेट होत नाही, अ‍ॅनॉइड होतो. तिथे घासण्यासारखं काही नाही, एक घटना घडली आणि संपली. बोलताना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी खपून जातात, लिहिताना हा फरक ठेवला तर वाक्य उजळतं.

बॉदरला मराठीत नेमका जोडीदार आहे, आणि तो आपण विसरत चाललोय: तसदी. ‘सॉरी टू बॉदर यू’ म्हणजे ‘तसदीबद्दल क्षमस्व’. ‘डोंट बॉदर’ म्हणजे ‘तसदी घेऊ नका’. पण हे दुसरं वाक्य जपून वापरा. हसून म्हटलं तर ‘राहू द्या हो’, आणि तोंड पाडून म्हटलं तर ‘राहू दे, माझं मी बघते’. ईमेलमध्ये चेहरा दिसत नाही, त्यामुळे वाचणारा बहुधा दुसराच अर्थ घेतो. तिथे ‘नो नीड टू वरी अबाउट धिस’ बरं. आणि ‘आय कान्ट बी बॉदर्ड’ हे साहेबांना कधीही लिहू नका. त्याचा अर्थ ‘मला जमणार नाही’ असा नाही, ‘कोण करत बसणार’ असा आहे.

डिस्टर्बमध्ये राग नसतोच, व्यत्यय असतो. झोप, काम, पूजा, मीटिंग, म्हणजे जे काही सुरळीत चाललं होतं ते ढवळलं गेलं. हॉटेलच्या दारावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी असते, ‘डू नॉट अ‍ॅनॉय’ची नाही. नको असलेले जाहिरातीचे कॉल थांबवायला आपण १९०९ वर नोंद करतो, तिलाही लोक ‘डीएनडी’ म्हणतात ते यावरूनच. मात्र मुंबईच्या मराठीत या शब्दाने भलताच संसार थाटलाय. ‘तो सध्या डिस्टर्ब आहे’ म्हणजे घरी काहीतरी बिनसलंय. हेच इंग्रजीत ‘ही इज डिस्टर्ब्ड’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला त्या माणसाच्या मनःस्वास्थ्याची शंका येईल. तिथे ‘अपसेट’ लिहा. आणि ‘डिस्टर्बिंग’ म्हणजे आतून अस्वस्थ करणारं. इमारत कोसळल्याची बातमी डिस्टर्बिंग असते. तिला अ‍ॅनॉइंग म्हणणारा माणूस निर्दय ठरतो. त्याला बहुधा इंग्रजी येत नसतं एवढंच.

आता ‘हो, मुद्दाम केलं’ असं उत्तर असेल तर.

टीज म्हणजे चिडवणं, आणि इथे मात्र शाळेतला अर्थ बरोबर आहे. मूळ अर्थ फार छान: लोकरीचे धागे ओढून, विंचरून मोकळे करणं. आपल्याकडे पिंजारी कापूस पिंजायचा तसं. मित्राला त्याच्या नव्या हेअरकटवरून पिंजून काढलं, ते टीजिंग. त्यात दोघंही हसले पाहिजेत. एकाचं हसू मावळलं की मस्करीची कुस्करी झाली, आणि मग टीज हा शब्द खोटा पडतो. तिथे ‘टॉन्ट’ येतो, म्हणजे खिजवणं, वर्मावर बोट ठेवणं.

या सौम्य शब्दाने आपल्या देशात मोठं नुकसान केलंय. रस्त्यात, बसमध्ये बायकांच्या अंगचटीला जाण्याला भारतीय इंग्रजीने ‘इव्ह टीजिंग’ असं गोंडस नाव दिलं. जणू वर्गातल्या पोराने वेणी ओढली. मराठीतला ‘छेड काढणे’ त्याच मापाचा. छेडतात तर सतारीच्या ताराही. तमिळनाडूने १९९८ साली याविरुद्ध कायदा केला तेव्हा त्याच्या नावातच इव्ह टीजिंग होतं; पुढे दुरुस्ती करून तिथे ‘हरॅसमेंट’ हा शब्द आणला. कायद्याचं नाव बदलावं लागलं, यावरून शब्द किती अपुरा होता ते कळतं. तुमच्या तक्रारीत किंवा बातमीत हा शब्द येत असेल तर खोडा आणि काय घडलं ते लिहा.

नीडल म्हणजे सुई. टोमणे मारणं. एखादी आत्या लग्नात येऊन गोड आवाजात विचारते, “अजून भाड्याच्याच घरात का गं?” ही सुई. राग दिसत नाही, रक्त दिसत नाही, टोचतं मात्र नक्की. सुई मारणाऱ्याला तुम्ही तडकून उठायला हवे असाल तर तो पुढच्या शब्दाकडे सरकतो: प्रोव्होक.

प्रोव्होक म्हणजे डिवचणं. काठीने सापाला डिवचतात तसं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘बाहेर बोलावणे’. म्हणजे या शब्दात दोन गोष्टी असाव्याच लागतात, डिवचणं आणि त्यावर उसळून येणारं काहीतरी. नुसता राग आला आणि तुम्ही गप्प बसलात, तर ‘ही प्रोव्होक्ड मी’ हे वाक्य अर्धवट वाटतं. ऐकणारा विचारतो, मग तुम्ही काय केलंत?

या शब्दाची सगळ्यांत गाजलेली परीक्षा मुंबईतच झाली. २७ एप्रिल १९५९. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना दुपारी जेवणाच्या वेळी पत्नीकडून तिच्या प्रेमसंबंधाविषयी कळलं. त्यांनी पत्नी-मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्या कचेरीत गेले, तिथे तो नव्हता, मग त्याच्या फ्लॅटवर गेले आणि गोळ्या झाडून त्याला ठार केलं. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयाने ते मानलं नाही, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. वाद अडला होता ‘ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन’, म्हणजे गंभीर आणि अचानक डिवचलं जाणं, या शब्दांवर. डिवचलं जाणं गंभीर होतं, पण ‘सडन’ होतं का? कबुली आणि गोळ्या यांच्यात जवळपास तीन तास गेले होते. तेवढ्या वेळात माणूस भानावर येऊ शकतो, असं न्यायालयाने धरलं. प्रोव्होकमध्ये ठिणगी आणि भडका यांच्यात अंतर नसावं लागतं, ते असं. अंतर पडलं की तो सूड होतो. व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मला हे उदाहरण जास्त उपयोगी पडलंय.

तिसरी पायरी: एकदा की पुन्हा पुन्हा?

इथे इंग्रजीकडे खरी श्रीमंती आहे, पण मराठीही कमी नाही. पिच्छा पुरवणं, भंडावून सोडणं, टुमणं लावणं, भुणभुण, किरकिर, हात धुऊन मागे लागणं: जोड्या लावायला साहित्य भरपूर.

पेस्टर करणाऱ्याला काहीतरी हवं असतं. जुहू चौपाटीवर फुगेवाला दिसला की पोरगं सुरू होतं: घे ना, घे ना, घे ना. हे पेस्टरिंग. क्रेडिट कार्ड घ्या म्हणून दिवसात चार फोन, तेही पेस्टरिंग. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ घोड्याच्या पायाला अडसर बांधणं. पुढे उपद्रवी किड्याचा ‘पेस्ट’ त्यात मिसळला. ‘भंडावून सोडणे’ याच्या अगदी जवळ. जाहिरातवाल्यांनी तर मुलांच्या या हट्टाला ‘पेस्टर पॉवर’ असं नाव देऊन टाकलंय.

नॅग करणाऱ्यालाही काहीतरी हवं असतं, पण तुमच्याकडून कृती हवी असते, आणि बहुतेक वेळा ती तुमच्याच भल्याची असते. औषध घेतलंस का, बिल भरलंस का, ओला टॉवेल पलंगावर का. या शब्दाचं मूळ ‘कुरतडणे’ या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दांत असावं असं मानतात, म्हणून दुखणंही नॅगिंग असतं: ठसठसणारं, जीव न घेणारं पण सोडतही नाही असं. ‘नॅगिंग डाउट’ म्हणजे मनात कुरतडणारी शंका. एक सांगून ठेवते. हा शब्द बायको आणि आई यांच्याच वाट्याला येतो. तेच काम बाबांनी केलं तर ‘रिमाइंड’ आणि साहेबांनी केलं तर ‘फॉलोअप’. लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारा, याच जागी पुरुष असता तर मी हाच शब्द वापरला असता का?

बॅजर म्हणजे प्रश्नांचा भडिमार. बॅजर हा बिळात राहणारा प्राणी. इंग्लंडात त्याच्यावर कुत्रे सोडून मजा बघायचा खेळ चालायचा. १८३५ च्या कायद्याने तो बंद झाला, शब्द मागे राहिला. चारी बाजूंनी भुंकणारे कुत्रे आणि मध्ये कोंडलेला प्राणी, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीनंतर घरी आल्यावर आई, काका, शेजारच्या वहिनी सगळे एकदम विचारू लागतात, पगार किती, कुठे जायचं, शनिवारी सुट्टी आहे का, तेव्हा ‘दे बॅजर्ड मी विथ क्वेश्चन्स’. एकट्या माणसालाही बॅजर करता येतं, फक्त प्रश्न थांबता कामा नयेत.

हाउंड म्हणजे शिकारी कुत्रा. इथे मागे लागणारा तुमची पाठ सोडत नाही. तुम्ही पळताय, तो वास घेत येतोय. वसुली एजंट घरी, ऑफिसात, नातेवाइकांकडे फोन करत सुटतात, तेव्हा हाउंड. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या परिपत्रकात थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला मनाई केली आहे, आणि कर्जदाराला धमकावणं किंवा ‘हरॅस’ करणंही त्यात निषिद्ध आहे. म्हणजे बँकेला लिहायच्या अशा तक्रारीत हाउंडपेक्षा हरॅस वापरणं योग्य, कारण नियमाची भाषा तीच आहे.

हरॅस. माझा गुन्हेगार. यात तीन गोष्टी एकत्र लागतात: वारंवार, कोणावर तरी रोखून, आणि समोरच्याला भीती किंवा मानहानी वाटेल असं. मराठीत त्याला ‘छळ’ किंवा ‘जाच’ म्हणा; ‘त्रास’ म्हणू नका. वरच्या गृहस्थांनी मला डोळ्यांपुढे ठेवून टाइल्स फोडल्या नव्हत्या. त्यांना बाथरूम नवं हवं होतं. त्यात रोख नव्हता, म्हणजे हरॅस नाही. कामाच्या ठिकाणी तर हा शब्द थेट कायद्याचा दरवाजा उघडतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा निकालात मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावी लागते, आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. गंमत म्हणजे कायद्याच्या ‘सेक्शुअल हरॅसमेंट’मध्ये वारंवारतेची अटही नाही, एकच प्रसंग पुरतो. बोलीतला अर्थ आणि कायद्यातला अर्थ असे फटकून असतात. म्हणून दोन सूचना, आणि दोन्ही तितक्याच महत्त्वाच्या: साध्या कुरबुरीला हरॅसमेंट म्हणू नका, आणि खरा छळ होत असेल तर संकोचाने ‘ही इज बॉदरिंग मी’ असं लिहून त्याची तसदी करून टाकू नका. भाषांतर करताना मला दुसरी चूक जास्त वेळा दिसते.

चौथी पायरी: आता ताप मोजा

ही पायरी लहान आहे. ‘इर्क’ म्हणजे खटकणं: राग नाही, पण खडा लागला. ‘रँकल’ म्हणजे सलणं: जुनं, आत राहिलेलं. ‘पेट पीव्ह’ म्हणजे आपण हौसेने पाळलेली चीड. माझी सांगू? उत्तर द्या म्हणण्याऐवजी ‘रिव्हर्ट बॅक’ लिहिणारे लोक. ‘एक्झास्परेट’ म्हणजे हात टेकणं. लॅटिन मूळ खडबडीत या अर्थाचं, पण आज त्यात रागापेक्षा हताशपणा जास्त. तिसऱ्यांदा समजावूनही तोच फॉर्म चुकीचा भरून आणणाऱ्या भावापुढे आपण एक्झास्परेटेड असतो. ‘इन्फ्युरिएट’ म्हणजे संताप, तळपायाची आग मस्तकात.

‘अ‍ॅग्रव्हेट’वर थांबायला हवं. बोलीत लोक ते ‘चिडवणे’ म्हणून वापरतात, पण मूळ अर्थ वजन वाढवणं. मराठीत ‘चिघळवणे’. धुळीने दमा अ‍ॅग्रव्हेट होतो, पार्किंगचा वाद अ‍ॅग्रव्हेट होतो. लेखी मजकुरात मी तेवढाच अर्थ ठेवते, जखम आधीपासून असेल तरच.

‘बग’ आणि ‘हॅसल’ हे बोलण्यातले. ‘डोंट बग मी’ म्हणजे ‘डोकं नको खाऊ’, मित्राला चालेल, मॅनेजरला नाही. हॅसल बहुधा माणसाचा नसून कामाचा असतो: एका दाखल्यासाठी तीन खिडक्या, प्रत्येक खिडकीवर वेगळी झेरॉक्स. काय कटकट! आणि मुंबईचं लाडकं ‘पकवणं’ यांपैकी कशातच बसत नाही, ते ‘बोअर’ करणं आहे. पकवणारा काही मागत नाही, डिवचत नाही, त्याला फक्त श्रोता हवा असतो.

पाचवी पायरी: कागदावर जाणार आहे का?

चहाच्या टपरीवर कुठलाही शब्द चालतो. अर्ज, नोटीस, तक्रार यांत शब्दाला कायद्याचा वास असतो. भिंतीवर ‘कमिट नो न्यूसन्स’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ आपल्याला बरोबर कळतो, पण न्यूसन्स, म्हणजे लोकांना होणारा उपद्रव, हा त्याहून मोठा शब्द आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४५ मध्ये दारूच्या नशेत असणं आणि डब्यात न्यूसन्स करणं शेजारी शेजारी बसलेत. सतत खोटे दावे लावणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा आहे, त्यात शब्द येतो ‘व्हेक्सेशस’, म्हणजे नुसतं छळण्यासाठी केलेलं. बोलताना ‘व्हेक्स’ आता जुनाट वाटतो, कोर्टात मात्र ठणठणीत आहे.

आणि बिनधोक वाटणारा अ‍ॅनॉयसुद्धा कायद्यात शिरला की काय करतो ते आपण जवळून पाहिलंय. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६अ आलं. इंटरनेटवरून ‘अ‍ॅनॉयन्स’ किंवा ‘इनकन्व्हिनियन्स’ देण्यासाठी खोटी माहिती पाठवली तर तीन वर्षांपर्यंत कैद. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, त्याबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. पुढे श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केलं. एक महत्त्वाचं कारण म्हणजे शब्दांची संदिग्धता: एकाला जे अ‍ॅनॉइंग वाटतं ते दुसऱ्याला वाटेलच असं नाही. आपण पहिल्या पायरीवर पाहिलं तेच. या शब्दात करणाऱ्याचा हेतू नसतो, सोसणाऱ्याचा मूड असतो. मूडवर तुरुंग कसा उभा करणार?

म्हणून अर्जात भावनेचा शब्द शक्यतो एकदाच लिहा आणि बाकी जागा तारखा, वेळा, आकडे यांना द्या. ‘आम्ही प्रचंड इरिटेट झालो आहोत’ यापेक्षा ‘३ ते ११ तारखेदरम्यान रोज दुपारी २ ते ४’ हे जास्त टोचतं.

सराव: डोंबिवली फास्ट

एकाच डब्यात सगळे शब्द भेटतात. आधी उत्तर मनात ठरवा, मग पुढे वाचा.

एक मुलगा हेडफोनशिवाय रील्स बघतोय, दर पंधरा सेकंदांनी तेच गाणं. इरिटेट. तुम्ही वाचत होता आणि वाचन तुटलं, एवढंच सांगायचं असेल तर डिस्टर्ब. शेजारी उभ्या असलेल्या काकू तुम्हाला विचारतायत, दादरला उतरणार का, नाही मग कुठे, मग त्या तिकडच्या उतरणार का. बॅजर, पण त्यांना तुमची सीट हवी आहे हे कळलं की पेस्टर. कोपऱ्यातला ग्रुप एकाच्या नव्या लाल शर्टावरून हसतोय आणि तोही हसतोय. टीज. तो हसायचा थांबला. टॉन्ट. दारातला एकजण आत शिरणाऱ्याला “विरारवरून आलास का?” म्हणतो आणि आतला बाह्या सरसावतो. प्रोव्होक, बाह्या वर गेल्या म्हणून. फोनवर कोणाची तरी आई चौथ्यांदा सांगतेय, उतरल्यावर कोथिंबीर आण. तुम्ही नॅग म्हणाल. मी रिमाइंड म्हणेन, कारण मागच्या वेळी त्याने ती आणली नव्हती, हे सगळ्या डब्याने ऐकलं.

आणि गाडी कळव्याच्या अलीकडे उभी राहते. उद्घोषणा होते की गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. ‘इनकन्व्हिनियन्स’ हा शब्द नेहमी माफी मागणाऱ्याच्या तोंडी असतो. सोसणारा तो स्वतःहून कधी वापरत नाही. तक्रार लिहिताना तुमच्या हातून गैरसोय हा शब्द गेला, तर समजा तुम्ही समोरच्याचं काम सोपं करून दिलंत.

माझं पत्र मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. कर्त्याच्या खुर्चीतून गृहस्थांना उठवून ड्रिलला बसवलं. हरॅसच्या जागी डिस्टर्ब, तोही एकदाच. तारखा घातल्या, वेळा घातल्या, शिवाय आमच्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई दुपारी झोपतात हे लिहिलं आणि दोन ते चार काम थांबवण्याची विनंती केली. सेक्रेटरीकाकांनी चष्मा लावून सगळं वाचलं, “हां, हे कसं सरळ आहे” म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत लिफ्टपाशी नोटीस लागली. खाली अर्थातच छापलं होतं, इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज रिग्रेटेड.